चूल सासरची, रक्त माहेरचं

ठिपका आधी अस्तरावर दिसला. हळदी रंगाचं रेशमी ब्लाउज होतं, नवरीच्या आईनं चार दिवसांत मागितलेलं, आणि मी बाह्यांची हातशिलाई करत बसले होते. हा डाग आला कुठून म्हणून बोटं तपासली, तर डाव्या तर्जनीला सुई टोचल्याची खूण. रक्त येऊन वाळायलाही लागलं होतं. बावीस वर्षं शिवणकाम करतेय, सुई टोचणं मला नवीन नाही. टोचलेलं न कळणं नवीन होतं. डाग थुंकी लावून काढला. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीनं निघतो, हे आमच्या शिवणाच्या बाईंनी शिकवलेलं. ब्लाउज वेळेवर गेलं, कुणाला काही कळलं नाही.

दुकान म्हणजे सांगलीच्या खणभागातल्या आमच्या घराची पुढची खोली. २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर चढलं तेव्हा, दोन्ही मशिनी पाण्यात गेल्या. त्यातून सावरतोय तोवर २०२१ चा पूर. दोन्ही वेळा तासन्‌तास गाळात उभं राहून खोली धुतली. त्यामुळं त्या दिवाळीपासून पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मी सगळं खापर गाळावर फोडलं. चप्पल पायातून निसटायची आणि चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं. मशीन चालवताना पाय पायडलवर आहे का, हे मान खाली घालून बघावं लागायचं. जीभ गुळगुळीत आणि लालभडक झालेली, आमटी झोंबायची. घरात सगळ्यांना वाटायचं मी तिखटाला नावं ठेवते.

गल्लीतल्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती बरोबर निघाली. मग दगदग कमी करा म्हणाले आणि बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल दिल्या. तीन महिने त्यात गेले. शेवटी मुलीनं हट्ट केला आणि २०२२ च्या सुरुवातीला विश्रामबागच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. मुलगी विलिंग्डनला बीएस्सी करते, त्यामुळं घरात आलेला कुठलाही कागद आधी तिच्या हातात जातो. हिमोग्लोबिन ९.६. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ११४. ते १०० पर्यंत असावं. बी-१२ फक्त ११८, आणि कागदावर लिहिलेलं की २०० च्या खाली कमतरता. ड जीवनसत्त्वही १३. सांगलीच्या उन्हात राहून १३! पण दिवसभर खोलीत मशीनपुढं बसणाऱ्या बाईला ऊन लागणार कधी?

डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "शाकाहारी ना?"

"हो. अंडंसुद्धा नाही."

"मग झालं."

हे "मग झालं" मला नंतर फार महागात पडलं, पण तेव्हा पटलं. बी-१२ वनस्पतींत नसतंच. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत येतं ते मांस, मासे, अंडी नाहीतर दुधातून. आपल्याकडं ही कमतरता घरोघरची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं होतं. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला उलट बरंच वाटलं. चारचौघींसारखंच माझं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड पाच, मग आठवड्याला एक. अँप्यूलमधलं औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. या जीवनसत्त्वाच्या पोटात कोबाल्ट नावाचा धातू असतो, त्याच्यामुळं तो रंग. ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून, आठ आठवडे. तिसऱ्या इंजेक्शनानंतर जिभेची आग थांबली. दीड-दोन महिन्यांत जिना चढताना धाप लागेना. बोटांना सुई कळायला लागली. पहिल्यांदा टोचली तेव्हा मी चक्क हसले.

एकाच घरात राहतो म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं होतं. तिथं पहिला खडा लागला. यांचं निघालं २०५, काठावर. सासूबाईंचं १६०, पण त्यांची साखरेची मेटफॉर्मिन दहा वर्षं चालू आणि वर ॲसिडिटीची रोजची गोळी, दोन्हींमुळं बी-१२ चं शोषण कमी होतं, म्हणजे त्याचा उलगडा झाला. मोठ्या जाऊबाईंचं मात्र ३४२. आमची चूल एक. सकाळी पोहे नाहीतर उप्पीट, दुपारी भाकरी, भाजी, आमटी, ताक. उलट जाऊबाई ताकाला तोंड लावत नाहीत, त्यांना वासच सहन होत नाही. मी दोन-दोन पेले पिते. शाकाहार हेच कारण असेल तर तो जाऊबाईंना का बाधत नाही?

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "तुझ्या माहेरचं रक्तच पांचट."

मला राग आला होता. आता लिहिताना हसू येतं, कारण त्या कुणाहीपेक्षा जवळ पोचल्या होत्या.

इंजेक्शनं संपली, गोळ्यांवर आले, आणि बरं वाटतंय म्हटल्यावर गोळ्याही सुटल्या. सगळ्यांच्याच सुटतात. पनीर वाढवलं, दही वाढवलं. वर्षभरानं पुन्हा मुंग्या. तपासलं तर १५२. डॉक्टर म्हणाले, आहार बघा. मी म्हटलं, आता काय म्हैस बांधू दारात?

याच सुमारास नणंदेचा मुलगा पुण्याहून आला. कंपनीत कामाला, चांगला पगार. "मामी, तुझ्या जीन्समध्येच काहीतरी असणार," म्हणाला आणि परस्पर एक किट मागवून दिलं. नऊ हजार रुपये. ही कंपनी थुंकीवरून जनुकं तपासते आणि तुमच्या शरीराला कुठलं जीवनसत्त्व कसं पचतं ते सांगते. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीतल्या रेघेपर्यंत थुंकायचं, फेस धरायचा नाही. माझं तोंड कोरडं पडलेलं. जाऊबाई समोर बसून चिंचेच्या गोष्टी सांगत होत्या, तेव्हा कुठं नळी भरली. झाकण लावलं की आतलं निळं पाणी थुंकीत मिसळतं, मग हलवायची आणि कुरिअरला द्यायची. थुंकीत गालाच्या आतल्या पेशी येतात आणि त्यांत आपली सगळी जनुकं असतात, असं मुलीनं सांगितलं. डाग काढायला वापरायची ती हीच थुंकी, तिची किंमत नऊ हजार.

पाच-सहा आठवड्यांनी अहवाल मोबाइलवर आला. चाळीसहून जास्त पानं, प्रत्येक पानावर गाडीच्या काट्यासारखं एक चक्र: हिरवं, पिवळं, लाल. मुलगी वाचत होती, घरचे भोवती बसले होते, एखाद्याची पत्रिका मांडावी तसं. अ जीवनसत्त्व पिवळं: बीसीओ१ नावाच्या जनुकात बदल असल्यानं गाजरातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर कमी होतं. ड पिवळं: हे जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारं प्रथिन जीसी नावाच्या जनुकावरून तयार होतं, त्याचा माझा प्रकार कमी पातळीकडं झुकणारा. फोलेट, म्हणजे पालेभाज्यांतलं ब गटातलं जीवनसत्त्व, लाल: ते वापरायला लागणाऱ्या एमटीएचएफआर जनुकाची एक प्रत बदललेली. आणि बी-१२?

हिरवं. भडक हिरवं. "तुमच्या जनुकीय रचनेनुसार बी-१२ ची पातळी चांगली राहण्याची शक्यता अधिक."

म्हणजे दोष फोलेटमध्ये होता तर, असं आम्ही ठरवलं. मी म्हणत नाही की कंपनीनं तसं लिहिलं होतं. बारीक अक्षरांत डॉक्टरांचा सल्ला घ्या असंही होतं. पण लाल रंगाच्या खाली बारीक अक्षरं कोण वाचतं? बी-१२ च्या उरल्यासुरल्या गोळ्या मी तशाच ठेवून दिल्या. भाच्यानं महागातलं मिथाइल फोलेट पाठवलं, ते संपल्यावर मी मेडिकलमधून पाच मिलिग्रॅमची साधी फोलिक ॲसिडची गोळी आणली, आणि रोज घेत राहिले.

आणि गंमत म्हणजे गुण आला. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ९.९ वरून ११.८ वर. चेहऱ्यावर तरतरी आली, असं गिऱ्हाइकं म्हणायला लागली. मी चारजणींना त्या किटचं नाव सांगितलं. पाय मात्र जड होत चालले होते, जणू मोज्यांत कापूस भरून वर कुणी मोजे शिवून टाकलेत. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या, मग पोटरीपर्यंत. रक्त वाढलंय म्हटल्यावर हे वयाचं असेल, असं मी मनाला समजावत राहिले. सत्तेचाळीस वय.

संकष्टीला जाऊबाई आणि मी गणपती मंदिरात गेलो. गाभाऱ्यासमोर उभी राहून डोळे मिटले, हात जोडले, आणि जमीनच सरकली. पडलेच असते, जाऊबाईंनी कोपराला धरलं. डोळे उघडले तर सगळं स्थिर. पुन्हा मिटले, पुन्हा तोल गेला. जाऊबाईंनी प्रसादसुद्धा घेऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मला मिरजेला घेऊन गेल्या.

मिरजेचे हे डॉक्टर वयस्कर, स्टेशनकडच्या बाजूला बसतात. बाहेरच्या बाकड्यांवर अर्धे लोक कानडी बोलणारे, कर्नाटकातनं आलेले. अडीच तास थांबलो. आत गेल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी जीभ बघितली. मग पितळी चिमट्यासारखं एक हत्यार तळहातावर आपटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं. "थरथर जाणवतेय का?" मला काहीच जाणवेना. घोट्यावर, नाही. गुडघ्यावर टेकवलं तेव्हा कुठं गुणगुण लागली. मग पाय जुळवून उभं राहायला आणि डोळे मिटायला सांगितलं. जाऊबाई मागं हात पसरून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "हे देवळात झालंय डॉक्टर, परत कशाला करताय?"

डॉक्टर हसले, म्हणाले, "गणपतीनं माझ्याआधी तपासलं म्हणायचं."

पायाची जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या तारांचं आवरण बी-१२ कमी पडलं की झिजतं. डोळे उघडे असले की नजरेच्या आधारानं भागतं, मिटले की माणूस ढासळतो. मी मान खाली घालून पायडल बघायचे ते यासाठीच, हे त्या क्षणी ध्यानात आलं.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि माहेर विचारलं. माझं माहेर तासगावचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, अशी त्यांनी वंशावळ काढायला घेतली. आईला काय होतं? थायरॉइडची गोळी चालू आहे, पंधरा वर्षं. वडिलांकडचं कोण? आत्या होती, गेली. तिला काय होतं? मी अडखळले. घरात आत्याबद्दल फार बोलत नसत. तिला कोड होतं, हातांवर आणि ओठांवर. त्यावरून तिच्या लग्नाला फार त्रास झालेला. केस पंचविशीतच पांढरे. शेवटची काही वर्षं ती भिंत धरून चालायची. रंग पिवळट, जीभ नेहमी लाल, आणि सगळे म्हणायचे की तिचं खाणंच कमी. मी हे सांगत गेले तसतसे डॉक्टर गोल भरत गेले. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचे केस?"

"मेंदी लावते," मी म्हटलं. "तिशीपासून."

नऊ हजारांच्या अहवालात आत्या कुठंच नव्हती. त्यात माहेराबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारलेला नव्हता.

डॉक्टरांनी तो अहवालही बघितला, मोबाइल लांब धरून. फोलिक ॲसिड घेतेय म्हटल्यावर मात्र ते एकदम गंभीर झाले. फोलेट आणि बी-१२ या दोघांची रक्त बनवण्याची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे. बी-१२ कमी असताना भरपूर फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, पेशींचा आकार नीट होतो, कागद छान दिसतो. पण नसांचं काम फोलेटला जमत नाही, ती झीज आतून चालूच राहते. माझी तरतरी ती हीच. मुलीनं नंतर शोधून एक जुनी हकिकत सांगितली. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ च्या सुमारास मुंबईत आली आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिनं शोध घेतला. त्या बायका मार्माईट नावाच्या यीस्टच्या अर्कानं सुधारत. दुसऱ्या एका रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क मात्र त्यांना लागू पडत नसे. यीस्टमधलं ते फोलेट होतं, शुद्ध अर्कातलं बी-१२. दोन रक्तक्षय वरून सारखे दिसतात पण आतून वेगळे आहेत, हे आमच्याच मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तात दिसलं होतं. आणि मी शंभर वर्षांनी तोच घोळ घालून बसले होते.

"पण ते हिरवं का आलं?" मुलीच्या वतीनं जाऊबाईंनीच विचारलं.

त्याचं उत्तर मी जेवढं समजले तेवढं लिहिते. एफयूटी२ नावाचं एक जनुक आहे. रक्तगटाचे पदार्थ लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर उतरतात की नाही, हे ते ठरवतं. ज्यांच्यात ते बंद असतं त्यांच्या रक्तात बी-१२ चा आकडा सरासरीनं थोडा जास्त सापडतो, हे हजारो लोकांच्या तपासणीतून दिसलंय. माझं ते बंद आहे, म्हणून हिरवं. डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं की याच्यासोबत याचं भावंड, एफयूटी१, हेही बिघडलं की दुर्मीळ बॉम्बे रक्तगट होतो, जो १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. हे ऐकताना मला उगाच भारी वाटलं, जणू माझाच शोध लागलाय.

"पण सरासरी म्हणजे काय, सांगा," ते म्हणाले. "सांगली जिल्ह्याचा सरासरी पाऊस काढला तर आकडा बरा दिसतो. शिराळ्यात धो-धो पडतो म्हणून. त्या आकड्यावरून जतच्या विहिरीत पाणी आहे का, हे कळेल?"

जाऊबाईंचं माहेर जतकडचं. त्यांना माझ्याआधी कळलं.

एमटीएचएफआरचंही तसंच. एक प्रत बदललेली असली तर त्या जनुकावरून बनणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम सुमारे ६५ टक्क्यांवर येतं, दोन्ही बदलल्या तर सुमारे ३० टक्क्यांवर. ऐकायला भयंकर, पण पालेभाज्या, डाळी पोटात जात असतील तर एका प्रतीनं माणसाला काही होत नाही, आणि अशी माणसं रस्तोरस्ती हिंडताहेत. ड जीवनसत्त्वाचं जनुक खरं, पण माझ्या १३ ला त्या जनुकापेक्षा दुकानाचं छप्पर जास्त जबाबदार. काही जनुकं एकटीच्या जोरावर माणसाला पाडतात, तेही त्यांनी सांगितलं: लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ उचलून घेणारं प्रथिन जन्मतः सदोष असलं, किंवा रक्तातून ते पेशींपर्यंत पोचवणारं प्रथिनच नसलं, की लहान मुलं आजारी पडतात, आणि तिथं जनुकाची तपासणी खरोखर जीव वाचवते. माझं प्रकरण तसलं नव्हतं. ते म्हणाले, तुमचं घराण्यात चालणारं आहे, पण एका जनुकाचं नाही, बऱ्याच जनुकांच्या संगनमताचं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा घरच्याच माणसावर उलटते. कुणाच्यात ती थायरॉइडवर जाते, कुणाच्यात कातडीच्या रंगावर, कुणाच्यात जठरावर.

रक्त आधी काढून घेतलं आणि मगच लाल इंजेक्शन दिलं. आधी दिलं असतं तर तपासणीत घोटाळा झाला असता. इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणजे बी-१२ ला आतड्यातून नेणारं जठरातलं प्रथिन; त्याच्यावर उलटणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी आमच्याकडं होत नाही, नमुना बाहेरगावी गेला. बी-१२ कमी पडलं की रक्तात साठणारं होमोसिस्टीन १५ पर्यंत असावं ते ४८ आलं. आठवड्यानं अँटिबॉडीचा निकाल: पॉझिटिव्ह. पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे शरीर स्वतःच्याच जठरावर उलटल्यानं बी-१२ शोषलं न जाऊन होणारा रक्तक्षय.

मधल्या आठवड्यात दुर्बिणीनं जठर बघून घेतलं. रात्रीपासून उपाशी, घशात कडू फवारा, तोंडात प्लॅस्टिकचं कडं, डाव्या कुशीवर. सात-आठ मिनिटांचं काम, पण ओकारीच्या उमाळ्यांत ती मिनिटं मोजता येत नाहीत. जठराच्या वरच्या भागाचं अस्तर विरलेलं, जुन्या लुगड्यासारखं. तुकडा तपासायला घेतला, त्यात वाईट काही नव्हतं. पण अशा जठरावर पुढं गाठींचा धोका असतो म्हणून अधूनमधून दुर्बीण करावी लागणार.

आता मला ताकाचं गणित कळलं. बी-१२ ची वाट लांबची आहे. तोंडातल्या लाळेतलं एक प्रथिन त्याला सोबत करतं, जठरातलं आम्ल त्याला अन्नातून सोडवतं, मग जठरातच तयार झालेला इन्ट्रिन्सिक फॅक्टर त्याला लहान आतड्यात हाताशी धरतो आणि पार शेवटच्या टप्प्यापर्यंत नेऊन पोचवतो. माझ्या जठरात तो नेणाराच उरला नव्हता. दोन पेले ताक काय आणि म्हशींची अख्खी दावण काय, सगळं दारावरून परत. जाऊबाईंचं दार उघडं होतं, त्यांना भाकरीबरोबरच्या वाटीभर दह्यातलं थोडंसुद्धा पुरायचं. दिवसाची गरजच मुळी दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास.

हा नेणारा आहे हे शोधलं कसं, तर अमेरिकेतल्या विल्यम कॅसल नावाच्या डॉक्टरनं १९२० च्या दशकाच्या शेवटी स्वतः मांस खाल्लं, तासाभरानं ते जठरातून परत काढलं आणि नळीनं रुग्णांच्या पोटात घातलं. नुसतं मांस खाऊन सुधारत नव्हते ते रुग्ण याच्यानं सुधारले. म्हणजे निरोगी जठरातलं काहीतरी त्यांना हवं होतं. हे मुलीनं जेवणाच्या ताटावर सांगितलं. सासूबाई ताटावरून उठल्या.

पहिल्या डॉक्टरांचा मला राग आहे का? थोडा आहे. शाकाहार हे उत्तर खोटं नव्हतं, फार सोपं होतं. ज्या भागात दर दुसऱ्या माणसाचं बी-१२ कमी, तिथं खरा आजार गर्दीत सहज लपतो. एकाच ताटातलं खाणाऱ्या दोघींत एवढा फरक का, हा जाऊबाईंचा आकडा टेबलावर पडला तेव्हाच विचारायचा प्रश्न होता. तो कुणी विचारला नाही; मीही म्हैस बांधायचे विनोद करत बसले.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक, जन्मभर. फार मोठ्या मात्रेची गोळी रोज घेतली तरी शंभरातला एखादा भाग या वाटेशिवायही आत झिरपतो आणि भागू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. पण माझा गोळ्यांचा इतिहास ऐकून त्यांनी इंजेक्शनच लिहिलं. अँप्यूल काही रुपयांची. फोलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी बंद. लोह कमी होतं, आम्ल नसलं की तेही नीट शोषलं जात नाही, त्याची वेगळी गोळी.

सख्ख्या नात्यांनाही बघून घ्या म्हणाले, म्हणून तासगावला गेले. दादा आधी टाळत होता, द्राक्षाची छाटणी चालू आहे म्हणाला. त्याचं बी-१२ निघालं ५१०, अँटिबॉडी नाही. माझंच रक्त, आणि ५१०! सगळे चकित. वहिनी मात्र चकित झाली नाही. ती नुसती म्हणाली, "एस्टी स्टँडसमोरची भुर्जी." दादा गप्प. आईनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, "अंड्यानं खरंच एवढं वाढतं?" आईचंही तपासलं, तिचं ठीक आहे.

मग आत्याची मुलगी. ती विट्याला असते, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमचं येणं-जाणं कमी झालेलं. आत्याच्या कोडावरून मोठ्यांत जी बोलणी झाली होती, ती आम्हा पोरींच्याही मधे येऊन बसलेली. मी फोन केला आणि बोलता येईना म्हणून एकदम विचारलं, "तुझी जीभ कशी आहे गं?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

दोन वर्षं ती लोहाच्या गोळ्या खात होती. तिचं बी-१२ ९६ निघालं, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. मिरजेला तिच्याबरोबर मी गेले. डॉक्टरांनी तोच जुना कागद फायलीतून काढला, आत्याच्या गोलाखाली एक रेघ ओढली आणि नवा गोल भरला. ती त्या आईच्या गोलाकडं बराच वेळ बघत होती. "म्हणजे आईला हेच होतं?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तपासलेलं नाही, म्हणून मी हो म्हणू शकत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, "पण तिचं खाणं कमी होतं म्हणून नक्की नाही."

माझी बोटं सुधारली. हातशिलाई पूर्वीसारखी होते. पायांत मात्र घोट्याखाली अजून कापूस आहे, आणि वर्षभरात जे परत आलं नाही ते बहुधा येणार नाही. पायमशीनला मोटर बसवून घेतली, बावीस वर्षं नको म्हणत होते ती. देवळात आता डोळे उघडे ठेवून नमस्कार करते. जाऊबाई तरी कोपर धरतातच.

इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहिते. विट्याहून तिचा फोन येतो.

"तुझं कधी आहे?"

"नऊला. तुझं?"

"बाराला."

"बारा बाराला," मी म्हणते, आणि ती दर महिन्याला तितकंच हसते.